इंदूर: २ फुटी प्लांटेड टँकला (पाणवनस्पती लावलेल्या मत्स्यटाकीला) सीओटू (कार्बन डायऑक्साइड) जोडायचाय, सिलिंडर की सायट्रिक ॲसिड?

रामबाग_टँक
टाकी ६० × ३० × ३६ सेंमी, प्रत्यक्ष पाणी ५५ लिटरच्या आसपास. कॅनिस्टर फिल्टर, एलईडी रोज ८ तास. मागे रोटाला (उंच वाढणारी वनस्पती), पुढे मोंटे कार्लो (तळावर कार्पेटसारखी पसरणारी). खत नियमित देऊनही कार्पेट पसरत नाही आणि जुन्या पानांच्या कडांना काळं ब्रश शेवाळ धरतंय. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून पाणी बदलताना बोअरचं मिसळावं लागतं. टाकीचा केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) १०, पीएच ७.२. केएच-पीएचवरून सीओटू काढायच्या तक्त्यात पाहिलं तर गॅस न लावताच १९ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) सीओटू दिसतो! हे खरं मानायचं का? आणि सुरुवात कशाने करू?

मल्हारगंज
तक्ता बाजूला ठेवा. पाण्यात आम्ल-अल्कधर्माचा खेळ फक्त कार्बोनेटचा आहे असं तो गृहीत धरतो. लाकडाची आम्लं, फॉस्फेट वगैरे असलं की आकडा फुगतो. त्यात पीएच किटचा रंग ०.२ ने चुकला तरी उत्तर दीडपटीने बदलतं. शिवाय बोअरच्या ताज्या पाण्यात जमिनीतला सीओटू विरघळलेला असतो, तो एका दिवसात उडून जातो.

त्यापेक्षा टाकीचं पाणी पेल्यात काढून २४ तास उघडं ठेवा आणि मग पीएच मोजा. समजा ८.० आला, तर गॅस सुरू असताना टाकीत ७.० च्या आसपास आणायचा. पीएच १ ने उतरला म्हणजे सीओटू दहापट झाला. पाण्याचं मिश्रण बदललं की पेला पुन्हा भरायचा.

ड्रॉप चेकरमध्ये (रंगावरून सीओटू दाखवणारी, टाकीत लावायची छोटी कुपी) टाकीचं पाणी अजिबात भरू नका, तीच चूक परत येते. ४ केएचचं द्रावण घरी होतं: १.२ ग्रॅम खायचा सोडा १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात, त्यातलं १०० मिली घेऊन पुन्हा डिस्टिल्डने १ लिटर करायचं. त्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ३० पीपीएमच्या आसपास, पिवळा म्हणजे जास्त. रंग तास-दोन तास मागे चालतो, त्यामुळे त्याच्याकडे बघत सुई-व्हॉल्व्ह (गॅसचा प्रवाह कमी-जास्त करायची बारीक चावी) सारखा फिरवत बसू नका.

हिरवं_तळं
बजेट असेल तर थेट सिलिंडर घ्या, ताई/दादा जे असाल. सायट्रिकचा सेट (आम्ल आणि सोडा मिसळून गॅस तयार करणारा) ५५ लिटरला पुरतो: एका बाटलीत २०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड व ६०० मिली पाणी, दुसरीत २०० ग्रॅम खायचा सोडा व २०० मिली पाणी. बाटल्या कोल्ड्रिंकच्याच, पाण्याच्या पातळ बाटल्या दाब सोसत नाहीत. बेकिंग पावडर चालत नाही. पण २०० ग्रॅम सोड्यातून जास्तीत जास्त १०५ ग्रॅम गॅस निघतो आणि संपत आला की दाब ढासळतो. काळं ब्रश शेवाळ बहुतेक वेळा गॅसच्या या चढउतारावरच माजतं.

सिलिंडर घेताना खांद्यावर कोरलेली टेस्टची तारीख पाहा. जुनं सीओटू अग्निशामक स्वस्त मिळतं, पण त्यात तळापर्यंत नळी असते. उभं ठेवलं की गॅसऐवजी द्रव बाहेर येतो आणि रेग्युलेटर (दाब कमी करणारं यंत्र) खराब होतो. ती नळी भरणाऱ्या दुकानातूनच काढून घ्या, घरी व्हॉल्व्ह उघडू नका. रेग्युलेटरचे आटे जुळतात का, तेही तिथेच बघा.

क्रम असा: सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह), सुई-व्हॉल्व्ह, बबल काउंटर (बुडबुडे मोजायला), चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ नये म्हणून), डिफ्यूझर (गॅसचे बारीक बुडबुडे करणारा). नळी पॉलियुरेथेनची, सिलिकॉनमधून गॅस झिरपतो. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बघा. सिरॅमिक डिफ्यूझरला २ बारच्या आसपास दाब लागतो. तो खाली, फिल्टरच्या प्रवाहात बसवा.

रामबाग_टँक
दादाच. सिलिंडरच घेतो. गेजवरून किती उरलाय ते कळतं का? आणि बुडबुडे किती?

हिरवं_तळं
गेजवरून नाही कळत. आत द्रव आहे तोवर काटा जवळपास तिथेच राहतो आणि खोलीच्या उष्णतेनेच हलतो. ३१ अंशांच्या वर तर द्रवच उरत नाही. म्हणून सिलिंडर वजनावर ओळखा. मे महिन्यात तो गॅलरीत किंवा उन्हाच्या खिडकीपाशी नको. काटा स्वतःहून पडू लागला की लगेच बदला: साध्या एक-टप्पी रेग्युलेटरमध्ये शेवटी बाहेरचा दाब वाढतो आणि उरलेला गॅस टाकीत घुसतो.

सुरुवात सेकंदाला १ बुडबुड्याने. दिव्याच्या २ तास आधी चालू, दिवा बंद व्हायच्या १ तास आधी बंद. एकदा वाढवलं की दोन-तीन दिवस मासे बघा, मगच पुढे. प्रत्येकाच्या काउंटरचा बुडबुडा वेगळा, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलू नका.

मल्हारगंज
एक राहिलं. फिल्टर आणि सोलेनॉइड एकाच लाइनवर ठेवा. सोलेनॉइड इन्व्हर्टरवर आणि फिल्टर नसला, तर वीज गेल्यावर पाणी थांबतं, गॅस मात्र येत राहतो. मासे वर येऊन तोंड मारू लागले तर आधी गॅस बंद, मग एअर पंप, मग क्लोरीन काढलेल्या पाण्याने निम्मं पाणी बदला. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेलं की ऑक्सिजन आधीच कमी असतो, तेव्हा हिरव्यापेक्षा किंचित निळसर रंगावरच थांबा आणि फिल्टरचं तोंड वर करून पृष्ठभाग हलता ठेवा.