घराखाली ओल: जाळ्या उघड्या ठेवू की बंद?

रांगणारा
लाकडी फरशीचं घर, खाली जेमतेम अडीच फूट पोकळी. काल टॉर्च घेऊन पोटावर सरपटत आत गेलो. एसीच्या डक्टला, म्हणजे गार हवेच्या नळाला, घाम फुटलेला, तुळईवर बोट फिरवलं तर पांढरी बुरशी बोटाला आली. वर मधल्या खोलीत फळ्यांच्या कडा उचलल्यात. सगळे म्हणतात हवा खेळती ठेव, म्हणून पोकळीच्या भिंतींतल्या हवेच्या चारही जाळ्या दोन महिने सताड उघड्या आहेत. ओल उलट वाढलीच. चुकतंय कुठे?

लाकूडवेडा
जाळ्यांतच. दमट हवेच्या दिवसांत बाहेरची हवा ओल घेऊन जात नाही, आणून ठेवते. बाहेर ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, २६ अंशांच्या आसपास. तुमची डक्ट त्याहून गार. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तेच.
पण जाळ्या लगेच बुजवू नका. हातभर प्लास्टिक मातीवर पसरून कडांवर विटा ठेवा, दोन दिवसांनी बघा. खालून ओलं तर माती, वरून थेंब तर हवा.

टपटप
आधी पाऊस बघा हो. माझ्याकडे पन्हळीचा पाइप घराच्या पायाशीच सुटत होता. दोन मीटर लांब नेला, निम्मी कटकट गेली.

रांगणारा
उचललं प्लास्टिक. दोन्हीकडून ओलं! पन्हळीचं पाणीही भिंतीलगतच पडतंय, लाज वाटली.

लाकूडवेडा
मग आधी पन्हळ, आणि माती घरापासून बाहेर उतरती करा. नंतर आत सगळ्या मातीवर ०.१५ मिलिमीटरचं तरी प्लास्टिक. जोड १५ सेंटिमीटर एकावर एक घेऊन टेप, कडा भिंतीवर चढवून चिकटवा. मगच जाळ्या बंद आणि डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र. त्याची नळी थेट बाहेर सोडा. टाकी रिकामी करायला तिसऱ्या आठवड्यात कोणी सरपटत जात नाही, मीही गेलो नाही. आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहू दे, लाकडातली ओल २० टक्क्यांखाली.
खाली गॅसचा बंब आहे का? असेल तर जाळ्या बंद करण्याआधी जाणकाराला दाखवा, त्याच्या ज्योतीला हवा लागते.

रांगणारा
बंब नाही. फळ्या पॉलिश करून सपाट करून घेऊ का आत्ताच?

लाकूडवेडा
अजिबात नको! वाळल्यावर बऱ्याचशा आपोआप बसतील. आत्ता घासल्यात तर नंतर मधोमध फुगतील.