‘ऑफिस लेडीज’नं ‘द ऑफिस’ गुळचट करून टाकलं, असं माझं म्हणणं

गाठीवाला

काल रात्री ‘द ऑफिस’मधला ‘ब्रांच क्लोजिंग’ परत बघितला. कितव्यांदा ते विचारू नका. बघून झाल्यावर सवयीनं ‘ऑफिस लेडीज’चा त्याच भागावरचा एपिसोड लावला आणि अर्ध्यात बंद केला. तेव्हापासून डोक्यात घोळायलंय ते लिहून टाकतो. शिव्या नंतर घाला.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात स्क्रँटन नावाचं गाव, एके काळी कोळशाच्या खाणींवर जगलेलं. तिथं डंडर मिफ्लिन या काल्पनिक कागद कंपनीची शाखा. कॉम्प्युटर आलेत, मोठी दुकानं स्वस्तात कागद द्यायलीत, आणि ही मूठभर माणसं फोनवर रिमं विकत बसलीत. मॅनेजर मायकल स्कॉट म्हणजे स्टीव्ह कॅरेल. २००५ ते २०१३, नऊ सीझन. त्यात रिसेप्शनवरची पॅम झालेली जेना फिशर आणि अकाउंट्समधली अँजेला झालेली अँजेला किन्सी, या दोघींनी ऑक्टोबर २०१९ पासून एकेक भाग परत बघून त्यावर गप्पा मारायला सुरुवात केली. तोच ‘ऑफिस लेडीज’ हा पॉडकास्ट.

आता मुद्दा. ही मालिका भीतीवर उभी आहे. पहिल्याच भागात माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू होते. ‘ब्रांच क्लोजिंग’मध्ये तर वरून निरोपच येतो की स्क्रँटन बंद. मायकल आणि त्याच्या हाताखालचा ड्वाइट मोठ्या साहेबाच्या घराबाहेर दिवसभर ताटकळत बसतात. साहेब येतच नाही. तिकडं स्टॅमफर्ड शाखेचा मॅनेजर स्वतःची ठरलेली बढती दाखवून स्टेपल्समध्ये, म्हणजे स्वस्तात कागद विकणाऱ्या त्या मोठ्या दुकानवाल्यांकडं, मोठी नोकरी पटकावतो, म्हणून स्टॅमफर्ड बंद होते आणि स्क्रँटन वाचते. यांच्या धडपडीचा त्यात काडीचा संबंध नाही. आणि शाखा वाचली म्हणून तिथल्या सेल्समन स्टॅनलीचं तोंड पडतं, कारण हातात पैसे घेऊन घरी बसायचं त्यानं मनात पक्कं केलेलं असतं. गिरणी बंद होताना बघितलेल्या आपल्या सोलापूरला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

मी टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. गेल्या पावसाळ्यात ऑर्डर तुटली. रोज चाळीसेक गाठी जायच्या, त्या दिवशी अकरा गेल्या. आमच्या हेडक्लार्कनं रजिस्टरात अकरा लिहिलं, खाली पट्टीनं दोन रेघा मारल्या, पेनाचं टोपण लावलं. रेघा इतक्या सरळ होत्या की मी बघतच बसलो. चहावाला पोरगा आला, सवयीनं सात कप ठेवून गेला. आम्ही पाच उरलो होतो.

हे डोक्यात घेऊन मी तो भाग बघतो. आणि पॉडकास्ट लावला की कुणाला हसू आवरलं नाही, कुणाच्या टेबलावर काय ठेवलं होतं, त्या दिवशी सेटवर खायला काय होतं, याच गप्पा. सगळं गोड. मी बंद का केला माहितीय? ऐकून बरं वाटायला लागलं होतं.

शिलाई_मशीन

गाठीवाले दादा, तुमच्या गाठींचं वाचून मलाही वाईट वाटलं, पण पॉडकास्टवर राग का काढायलाव?

मी शाळेचे युनिफॉर्म शिवते. दिवसभर कॉलर. एका कानात इअरफोन, दुसरा कान सुपरवायझरसाठी मोकळा. दीडेकशे भाग असेच ऐकलेत, आणि मला त्यात सगळ्यात जास्त काय ऐकू आलं तर काम. जेना फिशरनं नटी होण्याआधी खरोखर ऑफिसात टायपिंगची, रिसेप्शनची कामं केलेली. ऑडिशनला जाताना कास्टिंग करणाऱ्या अ‍ॅलिसन जोन्सनं तिला बजावलेलं की नटूनथटून येऊ नको, मला कंटाळा आणायची हिंमत दाखव. पहिल्या भागाचा दिग्दर्शक केन क्वापिस सकाळी आल्या आल्या सगळ्यांना आपापल्या टेबलावर बसवून नुसती कामं करायला लावायचा आणि कॅमेरा चालू ठेवायचा. फिलिस झालेली फिलिस स्मिथ तर नटी म्हणून आलीच नव्हती. ती कास्टिंगमध्ये कामाला होती, दुसऱ्यांच्या ऑडिशनला समोरून वाक्यं वाचायची. वाचता वाचता तिलाच घेतलं.

अँजेला किन्सीनं आधी पॅमसाठीच ऑडिशन दिलेली. ते काम मैत्रिणीला मिळालं, हिला कोपऱ्यातलं टेबल. पुढं नऊ वर्षं कितीतरी सीनमध्ये ही मागं धूसर दिसते, एक वाक्य नाही, तरी दिवसभर तिथं बसायचं. मागं बसणारीला काय काय दिसतं ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय. आमच्याकडं पहिल्या रांगेत मशीन असलेल्या बायकांना बोलायची संधी मिळते, मागच्या रांगेचं कोण विचारतं?

तुम्हाला गोड वाटतं कारण दोन बायका हसत हसत सांगायल्यात. तेच दोन पुरुषांनी गंभीर आवाजात सांगितलं असतं तर तुम्ही वहीत उतरवून घेतलं असतं.

गाठीवाला

शेवटचं वाक्य लागलं. खोटं नाही म्हणत. पण हसणं कुणाचं हा मुद्दाच नाही माझा, जाहिराती लावून आठवणी विकल्या जातात हा आहे.

शिलाई_मशीन

मालिका काय फुकट दाखवत होते का हो? मध्ये मध्ये जाहिरातीच होत्या की.

दोन_सीझन_बस्स

दोघंही चुकीच्या झाडावर दगड मारताय. धार पॉडकास्टनं घालवली नाही, ती २००५ मध्येच गेली.

मूळ मालिका ब्रिटिश. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट, बीबीसी, २००१ ते २००३. सहा-सहा भागांचे दोन सीझन, नाताळचे विशेष भाग, विषय संपला. त्यातला साहेब बघताना अंगावर काटा येतो, त्याच्यावर माया करावी असं क्वचित वाटतं. अमेरिकेतला पहिला सीझनही सहाच भागांचा होता आणि बराचसा त्याच चालीवर, मायकल त्यात चिडका, तेलकट केसांचा. लोकांना झेपला नाही. दुसऱ्या सीझनपासून, अमेरिकेतली मालिका बनवणाऱ्या ग्रेग डॅनियल्सनं त्याला जरा भाबडा केला, केससुद्धा बदलले. म्हणून तर नऊ सीझन चालली. कडवट साहेबाबरोबर लोक २०१ भाग बसत नाहीत.

ज्या दुकानातनं साखर आली त्याचं बिल बघा आधी. या दोघी त्यात चमचा फिरवायल्यात इतकंच.

हुतात्मा_एक्सप्रेस

पुण्यात नोकरी, घर सोलापुरात. सोमवारी पहाटे गाडी, शुक्रवारी रात्री परत. एका फेरीत तीन भाग आरामात होतात, कुर्डुवाडीला चहा. तुम्ही म्हणता तसं बरं वाटतं, आणि मला बरंच वाटून घ्यायचं असतं. त्यात पाप काय?

२०२० मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सगळ्यात जास्त बघितलेली मालिका हीच होती. कोण किती बघतं ते मोजणाऱ्या नील्सन कंपनीचा आकडा ५,७१० कोटी मिनिटांचा. ऑफिसं बंद, लोक घरात, आणि बघायले काय तर ऑफिस! मी तेव्हा आमच्या घरी वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन, खाली काकांचे चार माग. मीटिंगमध्ये तोंड उघडलं की साहेब विचारायचे, पाऊस पडतोय का तिकडं? मी हो म्हणायचो. मे महिन्यात सोलापुरात पाऊस! कुणाला संशय आला नाही.

त्या दिवसांत हा पॉडकास्ट म्हणजे शेजारच्या टेबलावर कुणीतरी बसलंय असं वाटायचं. गाठीवाले, तुमच्याजवळ निदान पाच माणसं होती.

कडक_भाकरी

तिसऱ्या सीझनमध्ये दिवाळीचा अख्खा भाग आहे, मालिकेत केली झालेल्या मिंडी केलिंगनंच लिहिलेला. साड्या, नाच, समोसे, सगळं आहे. बोनसचा एक शब्द नाही बे! इथंच कळतं अमेरिकन मालिका आहे म्हणून.

भोंगा

मी वयानं तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठा असणार. नातवानं खाली अक्षरं लावून दाखवली म्हणून बघितली. पॉडकास्ट मला इंग्रजीच्या वेगामुळं झेपत नाही, त्यामुळं त्यावर बोलत नाही. मालिकेवर बोलतो.

गिरणीत तीस वर्षं काढली, युनियनचं कामही केलं. दुसऱ्या सीझनमध्ये एक भाग आहे, गोदामातली माणसं युनियन करायची भाषा काढतात. मोठ्या बाई, जॅन, खाली येऊन थंड आवाजात सांगतात: युनियन केली तर ही शाखा बंद. झालं, पुढं चिडीचूप. बघताना मी उठून बसलो. आवाज न चढवता कसं बोलायचं हे वरच्यांना कुणी शिकवतं का काय की. आमच्याकडं भाषा मराठी होती, एवढाच फरक.

पण त्या गोदामातल्या डॅरिलच्या घरी काय झालं हे मालिका दाखवत नाही. गंमत उरकली, पुढचा भाग. गाठीवाला म्हणतो तशी भीती आहे, मान्य. पण ती खुर्चीवर बसणाऱ्यांची भीती आहे. गोदामात ती भीती जुनी झालेली असते.

शिलाई_मशीन

आजोबा, तुम्हाला आवडेल असं एक सांगते. ५ नोव्हेंबर २००७ ला तिकडं लेखकांनी संप केला, फेब्रुवारी २००८ पर्यंत चालला. या मालिकेचे बरेच लेखक नटही होते. स्टीव्ह कॅरेल लेखकांना सोडून कामावर गेला नाही आणि शूटिंग थांबलं. ‘डिनर पार्टी’ हा भाग त्यामुळंच रखडला, तो एप्रिल २००८ मध्ये लागला. हे मी कुठल्या पुस्तकात नाही वाचलं, कॉलर लावता लावता या दोघींकडूनच ऐकलं. गुळचट पॉडकास्टवर.

भोंगा

मोठा नट लेखकांसाठी घरी बसला? चांगलं केलं. नातवाला सांगतो तो भाग लाव म्हणून.

केबिनमधला

इथं लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं. मी दुसऱ्या बाजूचा. मालक नाही, मॅनेजर. कुठला कारखाना ते राहू द्या.

‘हॅलोवीन’ नावाचा भाग आठवतोय का? महिनाअखेरपर्यंत एकाला काढायचं असं मायकलला वरून सांगितलेलं असतं आणि तो शेवटच्या दिवसापर्यंत ढकलत नेतो. आधी क्रीडला काढतो, क्रीड त्याला पटवून परत आत येतो, मग डेव्हनला काढतो. वर त्याला वाटतं की काढलेला माणूस आपला मित्र राहावा. सगळे हसतात. मी त्या भागाला हसू शकत नाही. मलाही एकदा दोन नावं द्यायची होती. यादी शर्टाच्या खिशात घालून आठवडाभर फिरलो. गड्ड्याच्या जत्रेत पोरांना घेऊन गेलो तेव्हाही ती खिशात होती. पाळण्यात बसलो, वर गेल्यावर वाटलं, पडली तर बरं.

शनिवारी पगाराबरोबर सांगितलं. त्यातल्या एकाला म्हणालो, काही लागलं तर फोन कर. तो माझ्याकडं बघत राहिला. मायकलला लोक मूर्ख म्हणतात तेव्हा मला ती नजर आठवते.

पॉडकास्टबद्दल एवढंच. सुरुवातीला जे गाणं वाजतं ते क्रीड ब्रॅटनचं आहे. मालिकेत ज्याला काढलं होतं आणि जो परत येऊन बसला, त्याचं. मला ते वाजलं की बरं वाटतं. गाठीवाले, तुम्ही बंद करा, मी करणार नाही.

गाठीवाला

साहेब, आमच्याकडं गेलेले दोघं कुणाच्या खिशातनं गेले ते मला माहीत नाही. तुमचं वाचून आधी राग आला, मग परत वाचलं. अजून काय वाटतं ते ठरलेलं नाही.

कडक_भाकरी

वातावरण लई जड झालं बे. मी म्हणतो, २०१९ मध्ये हिंदीत ‘द ऑफिस’ केली ती फरीदाबादला. का? अक्कलकोट रोडला का नको? कंपनी चादरीची. स्टेपल्सच्या जागी पानिपतची मिंक ब्लँकेटं, निम्म्या किमतीत दारात. मॅनेजर प्रत्येक मीटिंगमध्ये जीआय मानांकनाची फ्रेम भिंतीवरून काढून दाखवणार. एक माणूस मराठीत बिल करणार, दुसरा तेलुगूत भाव करणार, तिसरा कन्नडमध्ये शिव्या देणार. तीन भाषांत एकमेकांची मापं काढायची सोय दुसऱ्या कुठल्या गावात आहे?

दोन_सीझन_बस्स

करा. पण दोनच सीझन. पुढं न्याल तर मॅनेजरला भाबडा करावा लागेल.

हुतात्मा_एक्सप्रेस

रिसेप्शनवर कोण? आपल्याकडं रिसेप्शन नसतं, गेटवर वॉचमन असतो. पॅमच्या जागी वॉचमन. पॅमसारखी तोच चित्रं काढणार.

शिलाई_मशीन

आणि मागच्या टेबलावर मी. काही बोलणार नाही, नंतर पॉडकास्ट काढीन.

दादा, एक राहिलं. त्या दिवशी ते दोन कप कुणी प्यायले?

गाठीवाला

एक वॉचमनला दिला. दुसरा पोरग्यानंच प्यायला, पैसे मात्र सातचे लावले. दुसऱ्या दिवसापासून पाच आणतो.