कर्व्यांचे म्हणणे योग्य माणसापर्यंत पोचले होते का?

मूळ मांडणी
र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७मध्ये सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणाविषयीचे मासिक १९५३पर्यंत चालवले. त्याचा खप कधीच मोठा नव्हता, म्हणून ते सारे अरण्यरुदन ठरले असे अनेकजण म्हणतात. मला हे साफ अमान्य आहे. जे घरात किंवा मित्रापाशीही बोलण्याची सोय नव्हती, ते हस्तमैथुनाविषयीचे आणि समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्न वाचक त्यांना विचारत आणि कर्वे त्यांची उत्तरे मासिकात छापत. १९३४चा अश्लीलतेचा खटला या उत्तरांवरूनच उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या बाजूने युक्तिवाद केला, तरी कर्व्यांना २०० रुपये दंड झालाच. स्तुतीची पत्रे कोणीही पाठवतो. पण संकोच बाजूला सारून जो प्रश्न विचारतो, त्याच्यासाठीच ते मासिक होते आणि तो माणूस कर्व्यांना सापडला होता.

प्रतिसाद
आपला निकष मला अपुरा वाटतो. संततिनियमनाची खरी निकड लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेल्या बाईला होती आणि १९३१च्या जनगणनेनुसार देशातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण जेमतेम ३ टक्के होते. तिला मासिक वाचता येत नव्हते, मग ती पत्र काय लिहिणार? आलेले टपाल पाहून आपण वाचक ठरवू लागलो, तर जिला लिहिताच येत नाही ती आपल्या हिशेबात कधी येतच नाही.

मूळ लेखकाचे उत्तर
ती बाई दूर राहिली, हे मान्य. परंतु त्या काळी मूल हवे की नको हे घरात पुरुषच ठरवी. त्यामुळे त्याला गाठणे हे दुय्यम काम नव्हते. कर्व्यांनी स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली, यावरून ही जबाबदारी ते कोणाची मानत होते हे दिसते.

प्रतिसाद
म्हणजे बाईची सुटका नवऱ्याच्या मर्जीवरच राहिली. सरकारने १९५२मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला आणि पुढे गावोगावच्या परिचारिका ही माहिती तोंडी सांगू लागल्या, तेव्हा कुठे नवरा मध्ये नसताना तिला स्वतःच्या तोंडाने प्रश्न विचारता आला. कर्वे तर ऑक्टोबर १९५३मध्येच गेले. त्यांची थोरवी मी तसूभरही कमी लेखत नाही, पण त्यांच्या हयातीत ते या बाईपर्यंत पोचले होते असे मी म्हणणार नाही.