मदत हवी आहे : ऑनलाइन पोकर सुटलं, टेबलावरचं जमेना

नमस्कार मंडळी,

ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला, पैसे लावून खेळायची अ‍ॅप्स बंद झाली आणि माझ्यासारख्यांच्या रात्री एकाएकी मोकळ्या झाल्या. आता पुण्याहून अधूनमधून गोव्याला जाऊन मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर खेळतो. नोकरी आहे, पोकरवर घर चालत नाही, हे आधीच सांगतो म्हणजे निम्मे उपदेश टळतील.

खेळ तोच, नो लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन पत्ते, टेबलावर पाच सामाईक, लावायला मर्यादा नाही). पण अंदाज लागत नाही. घरी पडद्यावर एकदम चार टेबलं लावली की तासाला 250 च्या वर डाव व्हायचे. बोटीवर डीलर पत्ते पिसणार, कोणी जेवण मागवणार, कोणी उगाच चिप्स रचत बसणार. तासाला 25-30 झाले तरी खूप. दोन तास नुसते पत्ते फेकल्यावर दश्शी-अठ्ठीसुद्धा देखणी दिसायला लागते. शिवाय पडद्यावर प्रत्येकाचे स्टॅट्स (कोण किती वेळा खेळतो, वाढवतो याचे आकडे) दिसायचे, पॉटचा म्हणजे मधे जमलेल्या पैशांचा आकडा समोर असायचा. इथे सगळं डोक्यात ठेवायचं.

खरा घोळ मात्र पुढचा आहे. उदाहरण देतो. 100-200 चे ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायची रक्कम), माझ्याकडे 20,000. तिघांनी नुसतेच 200 टाकले. माझ्याकडे एक्का-राजा, मी रेज करून म्हणजे वाढवून 1,000 केले. ऑनलाइन एवढ्यावर बहुतेक सगळे पळाले असते. इथे बटनवाल्यासकट (सगळ्यात शेवटी खेळणारा) चौघे आले! पॉट 5,300. फ्लॉपला (पहिले तीन सामाईक पत्ते) राजा, नव्वी, सत्ती, त्यात दोन बदाम. आता चौघांसमोर किती लावायचे? आणि मुळात रेज करून माणसं जात नसतील तर रेज कशाला करायची? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद 1

माणसं जावीत म्हणून रेज करतोयस, तिथेच अडतंय. एक्का-राजाला ती यायलाच हवीत, फक्त महागात. टेबलावर सर्वसाधारण हिशेब असा: चार-पाच मोठे ब्लाइंड (इथे 200 चे), वर प्रत्येक लिंपरमागे (नुसतेच 200 टाकणाऱ्यामागे) एक. म्हणजे तुझ्या डावात 1,600. तरीही चौघे आले तर पॉट 8,300 आणि तुझ्याकडे उरले 18,400, साधारण सव्वादोन पट. तेवढ्यात राजाची जोडी घेऊन सगळे चिप्स लावायला फार विचार करावा लागत नाही. 1,000 च्या रेजनंतर तेच प्रमाण साडेतीन पटींच्या वर जातं आणि टर्नला (चौथ्या पत्त्याला) घाम फुटतो.

त्या फ्लॉपवर पॉटच्या दोन-तृतीयांश तरी लाव, 3,500 च्या आसपास. बदामवाला, आठ-दहावाला, नव्वीची जोडीवाला, सगळे पैसे देतील. उलट ब्लफ जवळपास बंद कर. चौघांपैकी एक जण 'बघू तरी' म्हणून येतोच. आणि रात्रभर गप्प कॉल करणारा (समोरच्याइतकेच टाकणारा) काका रिव्हरला (शेवटच्या पत्त्याला) अचानक रेज करतो तेव्हा त्याच्याकडे भारी पत्ते असतात. फेकून दे.

प्रतिसाद 2

कंटाळ्यावर उपाय: आपले पत्ते आपली पाळी येईपर्यंत बघूच नका. तेवढ्यात डावीकडच्या दोघा-तिघांकडे बघा. त्यांनी पत्ते पाहिलेले असतात, फेकणारा ते आधीच हातात उचलून बसतो. स्टॅट्सच म्हणा हे, फुकट मिळतात. मोबाइल खिशात.

नियमाचं एक: न बोलता 1,000 ची एकच चिप पुढे टाकली तर तो कॉल धरतात, रेज नाही. आकडा आधी तोंडाने सांगा आणि मग चिप्स सरकवा. दोन हप्त्यांत सरकवल्या तर दुसरा हप्ता परत घ्यायला लावतात. पॉट मनात मोजत राहा. नो लिमिटमध्ये डीलर तो मोजून देत नाही.

प्रतिसाद 3

गोवा लांब पडतं म्हणून पुण्यात कोणाच्या फ्लॅटवरच्या गेमला जायचा विचार असेल तर थांबा. प्रत्येक पॉटमधून घरमालक हिस्सा काढत असेल तर 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या नजरेत तो अड्डाच. डीलर कोणाचा, पत्ते कोणाचे, हा प्रश्न वेगळाच. आणि चार-सहा वेळा जाऊन आपण हरणारे की जिंकणारे हे ठरवू नका. तुमच्या घरच्या एका तासाचे डाव व्हायला बोटीवर नऊ-दहा तास जातात.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. लिंपरमागे एक ब्लाइंड वाढवायचं डोक्यातच नव्हतं. अजून एक शंका: शेजारचा एक जण जवळजवळ प्रत्येक डावाला 400 चा स्ट्रॅडल (पत्ते बघण्याआधीच स्वतःहून टाकलेला दुप्पट ब्लाइंड) टाकतो. तेव्हा काय बदलायचं? जागा बदलून मागितली तर चालतं का?

प्रतिसाद 1

चालतं की. फ्लोअरवाल्याला (टेबलं सांभाळणाऱ्याला) सांगून ठेव, खुर्ची रिकामी झाली की तो तुला आधी विचारेल. तो गडी तुझ्या उजव्या हाताला येईल असं बस, म्हणजे फ्लॉपनंतर बहुतेक वेळा तो आधी खेळेल आणि तू नंतर. आणि 400 चा स्ट्रॅडल पडला की तुझे 20,000 म्हणजे शंभर नव्हे, फक्त पन्नास ब्लाइंड. छोट्या जोड्या आणि सुटेड (एकाच चिन्हाचे) फालतू पत्ते त्या डावात सोडून दे.