कोकणातल्या घरासाठी खिडक्या : सरकत्या की बिजागरीच्या?

रत्नागिरीजवळच्या नव्या घराला सगळीकडे अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवाव्यात, असा एक सल्ला दिला गेला आहे; त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. सरकती खिडकी जागा अडवत नाही हे खरे, परंतु दोन ट्रॅकच्या खिडकीचा एका वेळी जेमतेम अर्धाच भाग उघडतो आणि कोकणातल्या दमट हवेत ही उणीव रोज जाणवते. शिवाय पावसाळ्यात पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून झड येते, तेव्हा निचऱ्याची छिद्रे बुजलेली असतील तर ट्रॅकमध्ये साचलेले पाणी थेट खोलीत उतरते. म्हणून निदान त्या बाजूंना तरी बाहेर उघडणाऱ्या, बिजागरीच्या खिडक्या घ्याव्यात, कारण त्यांची झडप बंद करताना चारही कडांनी रबरी पट्टीवर घट्ट दाबली जाते. वर छज्जा मात्र हवाच. लोखंडी चौकटी खाऱ्या हवेत लवकर गंजतात, त्यामुळे यूपीव्हीसी (एक प्रकारचे कडक प्लास्टिक) किंवा चांगले पावडर कोटिंग (भट्टीत भाजून पक्का केलेला रंगाचा थर) केलेले अ‍ॅल्युमिनियम निवडावे, आणि बिजागऱ्या व स्क्रू ३१६ प्रतीच्या, म्हणजे खाऱ्या हवेत अधिक टिकणाऱ्या, स्टेनलेस स्टीलचेच मागावेत. खर्च वाचवण्याची ही जागा नव्हे. गज आणि डासांची जाळी आतल्या बाजूला येणार असल्याने झडपेपर्यंत हात कसा पोहोचेल, हे कारागिराशी आधीच ठरवून घ्यावे. व्हरांड्यात उघडणाऱ्या खिडक्या सरकत्या असल्या तरी चालतील.