मदत हवी आहे: पांदणीसाठी खरंच मोठीच गाडी लागते का?

यवतमाळ जिल्हा, काळी माती, शेतापर्यंत 3 किमी पांदण. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वीतभर खोल होतात, 170 मिमी क्लिअरन्सच्या (जमिनीपासून तळाची उंची) छोट्या गाडीचं पोट मधल्या उंचवट्याला घासतं. जो तो मोठी एसयूव्हीच घे म्हणतो.

स्प्रिंगला स्पेसर (जाड चकत्या) टाकून 15 मिमी उंची वाढवली, टायरची हवा 33 वरून 24 पीएसआय केली, तळाला लोखंडी गार्ड लावला. तरी टायरच्या खाचांत चिखल भरला की पुढची चाकं जागीच फिरतात. 2 टनांची गाडी तर इथं जास्तच रुतेल असं वाटतं. शिवाय 4 मीटर लांबी आणि 1500 सीसीच्या आतल्या डिझेलवर जीएसटी 18 टक्के, त्याहून मोठ्या गाडीवर 40 टक्के.

माणसं 5, कधी खताची 4 पोती. मागच्या चाकांवर चालणारी छोटी डिझेल आणि मड टायर पुरतील, की फोर बाय फोरशिवाय (चारही चाकांना जोर देणारी गाडी) भागणारच नाही?