मदत हवी आहे : कामठी वालुकाश्माच्या जोत्याचे पापुद्रे सुटत आहेत, डागडुजी कशी करावी?

नमस्कार.

चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धेच्या खोऱ्यात, आमचा पणजोबांच्या काळचा वाडा आहे. वरच्या भिंती मातीच्या असल्या तरी जोते आणि ओसरीच्या पायऱ्या घडीव वालुकाश्माच्या आहेत. अकरा वर्षांपूर्वी आम्ही जोत्याच्या दरजांमधला (चिऱ्यांमधल्या फटींतला) भुसभुशीत झालेला चुना खरवडून काढला, तेथे सिमेंट भरले आणि जमिनीलगत दोन वीत उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. काम पक्के झाले असे तेव्हा वाटले होते. आज ते सिमेंट जसेच्या तसे शाबूत आहे, पण दगड झिजून बोटभर आत गेला आहे, त्यामुळे प्रत्येक चिऱ्याभोवती सिमेंटची चौकट पुढे आलेली दिसते. गिलाव्याच्या लगेच वर पांढरा लोणा (क्षारांची भुकटी) फुटतो आणि तेथेच पापुद्रे सर्वांत जास्त सुटतात.

महाराष्ट्रातला दगड म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काळा बेसाल्ट येतो, आणि आमच्याकडे आलेल्या गवंड्यांचा सारा अनुभवही त्याच दगडाचा आहे. म्हणून या दगडाविषयी जे वाचून आणि पाहून समजले, ते आधी लिहितो. आमच्या भागात दख्खनच्या लाव्ह्याखाली गोंडवन काळातील गाळाचे खडक आहेत. तळाशी हिमनद्यांनी आणलेल्या गोट्यांचा तालचीर थर, त्यावर दगडी कोळसा असलेला बराकर थर आणि त्यावर कामठी थर, असा त्यांचा क्रम आहे. कामठी हे नाव नागपूरजवळच्या कामठीवरून पडले. सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा हा खडक आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जमवलेली ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची जीवाश्म पाने याच खडकांतली. वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथील मंदिरांवरचे नाजूक कोरीव काम वालुकाश्मातच झालेले आहे, त्यामुळे हा दगड मुळातच कुचकामी असेल असे मला वाटत नाही.

सुटलेला एक पापुद्रा मी भिंगाखाली पाहिला. गारगोटीचे अर्धपारदर्शक कण, त्यांच्यावर गंजाच्या रंगाचे पातळ लेपण आणि मधूनमधून खडूसारखे पांढरे, नखाने सहज चुरडणारे कण दिसले. हे पांढरे कण म्हणजे कुजून चिकणमाती होऊ लागलेले फेल्डस्पार हे खनिज असावे. काही चिऱ्यांमध्ये थरांच्या रेघा आडव्या आहेत, पण सात चिऱ्यांमध्ये त्या उभ्या, दर्शनी बाजूला समांतर आहेत, आणि त्या चिऱ्यांची पाने वहीसारखी सुटत आहेत.

एका ठेकेदाराने पूर्ण जोत्यावर पाणी रोखणारे पारदर्शक रसायन मारण्याचा सल्ला दिला आहे. दुसऱ्याचे म्हणणे आहे की खराब चिरे काढून तेथे बेसाल्ट बसवावा. जाणकारांना माझी विनंती आहे की हा दोष दगडाचा की सिमेंटचा, ते सिमेंट आता काढावे की राहू द्यावे, आणि बदली दगड कोणत्या कसोटीवर निवडावा, हे कृपया सांगावे. पणजोबांच्या हयातीत बसवलेले हे चिरे माझ्या चुकीच्या दुरुस्तीमुळे जाऊ नयेत, अशी मनापासून इच्छा आहे.

प्रतिसाद

आपण निरीक्षण इतके नेमके नोंदवले आहे की निदान करणे सोपे झाले. आपला दगड सच्छिद्र आहे, त्यामुळे तो जमिनीतली ओल वर ओढणारच. पूर्वी ती ओल दरजांमधल्या चुन्यातून बाहेर पडत असे आणि क्षारही तेथेच साठत, म्हणून भुसभुशीत व्हायचा तो चुना. दर काही वर्षांनी तो बदलायचा असतो. दगड वाचावा म्हणून स्वतः झिजणे हेच त्याचे काम. घट्ट सिमेंटने ती वाट बंद झाली, ओल दगडाच्या तोंडावाटे सुकू लागली आणि क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाच्या किंचित आत वाढून पापुद्रा उचलू लागले. काही प्रकारची चिकणमाती भिजली की फुगते आणि सुकली की आकसते, आपल्या दगडात तशी असेल तर हे काम आणखी वेगाने होते.

पारदर्शक रसायन मारू नका. ओल खालून येते आहे. वरून तोंड बंद केले तर क्षार त्या लेपामागे साठतील आणि आज कागदाएवढा सुटणारा पापुद्रा उद्या जाड ढलपी होऊन निघेल. बेसाल्टचा चिराही तसाच अडचणीचा आहे, कारण तो जवळजवळ पाणी पीत नाही आणि त्याच्या वाट्याची ओल शेजारच्या वालुकाश्माला सोसावी लागते.

दगडाआधी जमिनीकडे पाहा. अंगणात वर्षानुवर्षे भर पडून जोत्याचा खालचा थर मातीत गेला असेल, तर ती माती काढून पावसाचे पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार द्या. त्यानंतर गिलावा काढा आणि एक पूर्ण उन्हाळा भिंत सुकू द्या. लोणा कोरड्या, मऊ ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा आत जातो. दरजांमधले सिमेंट हातोडी आणि अरुंद छिन्नीनेच काढा, कारण कटर यंत्राचे पाते एकदा घसरले की चिऱ्याची कड कायमची जाते. जेथे सिमेंट दगडाला इतके चिकटले आहे की कड तुटेल, तेथे ते सध्या तसेच राहू द्यावे. नव्या दरजेसाठी चांगला मुरलेला चुना एक भाग आणि चाळलेली, धुतलेली नदीची वाळू तीन भाग घ्या, आणि काम झाल्यावर काही दिवस ओले गोणपाट लावून ते सावकाश सुकू द्या. चुन्याची घाई करू नये.

बदली दगड निवडताना केवळ रंग जुळवू नका. जुन्या आणि नव्या दगडाचा एकेक तुकडा पूर्ण सुकवून वजन करा, 24 तास पाण्यात ठेवून पुन्हा वजन करा आणि वाढ किती टक्के झाली ते ताडून पाहा. सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यावर फेस आला, तर कणांना बांधणारा पदार्थ चुनखडीचा आहे असे समजा. गंजाच्या रंगाचे लेपण लोहाचे असते आणि त्यावर फेस येत नाही. नवा चिरा बसवताना त्याचे थर नदीत साचले तसेच आडवे राहिले पाहिजेत.

मूळ प्रश्नकर्ता

आपण इतक्या आस्थेने उत्तर दिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे जोत्याच्या एका तुकड्याचे वजन केले. सुका असताना तो 812 ग्रॅम होता आणि भिजल्यावर 874 ग्रॅम भरला, म्हणजे वाढ साडेसात टक्क्यांहून थोडी अधिक आहे. आम्लाने फेस आला नाही. मागच्या पडक्या गोठ्यातही याच दगडाचे चिरे आहेत. त्यातल्या एका तुकड्याची वाढ सात टक्के आली, म्हणून बदलीसाठी तेच वापरण्याचे ठरवले आहे. अंगणाची माती खणली तेव्हा जोत्याचा एक अख्खा थर खाली गाडला गेलेला सापडला, आणि तेथील चुना अजून ओला होता.

आता एकच शंका उरली आहे. उभ्या थरांच्या सात चिऱ्यांपैकी तीन अगदी कोपऱ्यात आहेत आणि त्यांच्यावर ओसरीच्या लाकडी खांबांचा भार येतो. खांबांना टेकू देऊन ते चिरे काढावेत आणि थर आडवे येतील असे फिरवून बसवावेत, की त्यांना हात न लावता केवळ भोवतालच्या दरजा चुन्याने भराव्यात? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी टेकू कसा दिला हेही कृपया लिहावे.